‘अंग’, ‘धात’ आणि ‘ती गोळी’ : लैंगिक आरोग्याची बोलीभाषा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह किंवा रक्तदाब असा एखादा नेहमीचा विषय असावा. त्या विषयांवर लिहिणारी माझ्याहून अधिकारी मंडळी आपल्यात आहेत. इंदूरच्या जुन्या वस्तीत अडतीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करताना मला औषधांपेक्षा शब्दांनी अधिक वेळा अडवले. म्हणून रुग्ण आपल्या सर्वांत खाजगी तक्रारी कोणत्या शब्दांत सांगतात, आणि ते शब्द न कळल्यामुळे किंवा डॉक्टरने चुकीचा शब्द वापरल्यामुळे काय घडते, याविषयी थोडे लिहावे असे ठरविले. विषय संकोचाचा आहे, पण या स्मरणिकेचे वाचक प्रौढ आहेत आणि संकोचाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. तेव्हा वाचकांनी क्षमा करण्यापूर्वी लेख पूर्ण वाचावा, एवढीच विनंती.

एक चुकलेला प्रश्न

१९८६ सालची गोष्ट. मी इंटर्न होतो. रात्री दहाच्या सुमारास वीस-एकवीस वर्षांची एक मराठी मुलगी पोटदुखीसाठी आली. बरोबर आई होती. दुखणे उजव्या ओटीपोटात, थोडी मळमळ, चक्कर. मी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले आणि शिकविल्याप्रमाणे विचारले, “लग्न झालं आहे का?” आईने तत्परतेने उत्तर दिले, “नाही, अजून शिकते आहे.” झाले. माझ्या दृष्टीने एक मोठे दालन बंद झाले. कागदावर ‘ॲपेंडिक्सची शंका’ असे लिहून मी वरिष्ठांची वाट पाहू लागलो.

अर्ध्या-पाऊण तासाने वॉर्डातील आयाबाई माझ्याकडे आल्या. त्या माळव्यातल्या, अक्षरओळख बेताची. मुलीला बेडपॅन देताना आई चहा आणायला गेली होती, तेवढ्यात त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून हळूच विचारले होते, “बेटी, दिन चढ़ गए क्या?” मुलगी रडू लागली होती. पाळी चुकून सात आठवडे झाले होते. मी धावत गेलो, तो तिचा चेहरा पांढरा पडलेला, खांदा दुखतो म्हणत होती, रक्तदाब उतरलेला. वरिष्ठांनी सुई घालून पाहिले, तर पोटात रक्त होते. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. मध्यरात्री शस्त्रक्रिया झाली. मुलगी वाचली.

ती वाचली याचे श्रेय आयाबाईंच्या तीन शब्दांना आहे. माझ्या प्रश्नात व्याकरणाची चूक नव्हती, परंतु मला जे विचारायचे होते ते मी विचारलेच नव्हते. ‘लग्न झालं आहे का’ हा डॉक्टरांचा सांकेतिक शब्दप्रयोग आहे. शरीरसंबंध आला आहे का, हे विचारण्याची लाज आपण लग्नाच्या पडद्याआड लपवितो. रुग्ण आडवळणाने बोलतात अशी तक्रार आपण करतो, पण त्या रात्री आडवळणाने बोललो होतो तो मीच.

दोन मजले आणि मधला जिना

मराठीत या विषयाचे शब्द दोन टोकांना आहेत. वरच्या मजल्यावर संस्कृत शब्द : योनी, शिश्न, संभोग, श्वेतप्रदर, शीघ्रपतन. हे पाठ्यपुस्तकात शोभतात, परंतु सामान्य माणूस ते उच्चारत नाही, आणि उच्चारलेच तर एखाद्या जाहिरातीत वाचलेले उच्चारतो. तळघरात शिव्या आहेत. तेथील शब्द सर्वांना ठाऊक असतात, पण डॉक्टरसमोर ते तोंडातून निघणे शक्य नाही. या दोहोंच्या मध्ये जो जिना आहे, त्यावर आपला रुग्ण उभा असतो. तेथील शब्द झाकलेले, उसने, अनेकार्थी : ‘अंग’, ‘जागा’, ‘खाली’, ‘पिशवी’, ‘जवळ येणे’, ‘संबंध’, ‘अडचण’, ‘धात’, ‘ताकद’. हीच आपली खरी क्लिनिकल भाषा होय, आणि ती कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकविली जात नाही.

हा मधला जिना बांधण्याचा प्रयत्न मराठीत फार पूर्वी झाला. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. कर्वे डॉक्टर नव्हते, ते गणिताचे प्राध्यापक होते. वाचक आपल्या लैंगिक शंका पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ मराठीत उत्तरे देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांना दंड झाला. आज त्या घटनेकडे पाहिले की जाणवते ते असे, की त्या पत्रलेखकांना विचारायला दुसरी जागाच नव्हती. नव्वद वर्षांनंतर आपल्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला तरी ती आहे काय?

‘अंग’ या शब्दाचे अर्थ

स्त्रियांच्या बोलीतील ‘अंग’ हा शब्द प्रत्येक तरुण डॉक्टरने समजून घ्यावा. ‘अंगावर पाजते’ म्हणजे स्तनपान. ‘अंगावरून जातं’ म्हणजे रक्तस्राव, आणि ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणजे श्वेतस्राव. त्यालाच जुन्या बायका ‘धुपणी’ म्हणत. ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भाशय खाली उतरणे. ‘अंग जड वाटतं’ याचा अर्थ ताप, थकवा, सूज यांपैकी काहीही असू शकतो, किंवा वरीलपैकी शेवटची गोष्टही.

प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत एक साठीच्या आजी माझ्याकडे दोन-तीनदा आल्या. तक्रार एकच, “अंग जड झालंय हो, डॉक्टर. उभं राहवत नाही.” मी रक्त तपासले, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. चौथ्या वेळी, काही सुचेना म्हणून, मी विचारले, “आजी, अंग म्हणजे नेमकं कुठलं?” त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग पदर सावरीत म्हणाल्या, “खालचं.” त्यांचे गर्भाशय पूर्ण बाहेर येत होते. सहा वर्षे त्या सुती कापडाची घडी बांधून वावरत होत्या, सोवळ्यातला स्वयंपाक करीत होत्या. त्या पहिल्या दिवसापासून मला खरे तेच सांगत होत्या. त्यांच्या मराठीतला एक शब्द मला येत नव्हता, इतकेच.

तेव्हापासून एक नियम मी पाळतो. ‘अंग’, ‘खाली’, ‘जागा’, ‘तिथे’ यांपैकी कोणताही शब्द आला की थांबायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचा : लघवीची जागा, पाळीची जागा, की शौचाची जागा? हे तीन साधे शब्द बहुतेक स्त्रियांना न लाजता उच्चारता येतात.

अशा तक्रारी थोड्या असतात असा समज असेल तर तो सोडावा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्याचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग आढळले. पूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. उरलेल्यांचे दुखणे कोणाच्या कानापर्यंत पोहोचलेच नव्हते.

पाळीचे शब्दही असेच. ‘अडचण आहे’, ‘बाहेरची आहे’, ‘कावळा शिवला’ ही जुनी भाषा, आणि ‘डेट आली’, ‘पिरियड’, ‘एमसी’ ही नवी. जुने शब्द मागे पडले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, कारण त्यांत विटाळाची कल्पना आहे. पण नव्या ‘डेट’मध्येही एक घोटाळा आहे. “डेट कधीची?” असे विचारले की काही मुली मागच्या पाळीची तारीख सांगतात, काही येणाऱ्या पाळीची. गर्भारपणाचे आठवडे मोजताना हा फरक चार आठवड्यांचा होतो. “मागची पाळी कोणत्या दिवशी सुरू झाली?” असे पूर्ण वाक्य विचारावे.

‘पिशवी’ या शब्दाबद्दल तर आपणच अपराधी आहोत. गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हटले की ते एक सुटे, रिकामे झाल्यावर टाकून देण्याजोगे सामान वाटू लागते. “पिशवीला सूज आहे” हे वाक्य ऐकून घाबरलेली आणि “मग काढूनच टाका” असे म्हणणारी स्त्री आपण सर्वांनी पाहिली आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न महाराष्ट्रात गाजला, त्यामागे गरिबी, मजुरी, दुर्लक्ष अशी अनेक कारणे होती. परंतु सोपा शब्द कठीण निर्णय सोपा करून टाकतो, हेही विसरू नये. मी ‘पिशवी’ हा रुग्णाचा शब्द ऐकून घेतो, उत्तर देताना मात्र ‘गर्भाशय’ म्हणतो आणि कागदावर चित्र काढून दाखवितो.

‘धात’ आणि ‘ताकद’

पुरुषांची बोली वेगळी. त्यांच्या तक्रारीचे दार बहुधा ‘कमजोरी’ या शब्दाने उघडते. “अशक्तपणा आहे, कंबर दुखते, कामात लक्ष लागत नाही,” असे सांगून झाल्यावर, उठता उठता, दाराशी जाऊन तरुण म्हणतो, “आणि सर, धात जाते.” खरी तक्रार दाराशी सांगितली जाते, म्हणून मी रुग्ण उठल्यावर पेन लगेच खिशात ठेवीत नाही.

आयुर्वेदातील रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा, शुक्र या सप्तधातूंपैकी शेवटचा धातू लोकभाषेत ‘धात’ झाला. रक्ताच्या चाळीस थेंबांतून त्याचा एक थेंब बनतो, अशी समजूत रूढ आहे. मग स्वप्नावस्था, हस्तमैथुन किंवा लघवीतील गढूळपणा यांमुळे आपण आतून झिजतो आहोत अशी भीती बसते. नाइटफॉल, स्वप्नदोष, मुलांच्या आपसांतल्या भाषेत ‘हलवणे’ वा ‘मूठ मारणे’, या सर्व शब्दांच्या मुळाशी एकच भय असते. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. रुग्णाच्या बोलीतला शब्द जसाच्या तसा उचलून शास्त्रात आला, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

ही भीती केवळ आपल्याकडची नाही. श्रीलंकेतील सिंहली भाषक रुग्ण हीच तक्रार ‘शुक्रप्रमेह’ या नावाने सांगतात आणि तेथील मनोविकारतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला आहे. शब्दांचा प्रवास पाहा. संस्कृत ‘प्रमेह’ लंकेत वीर्यनाशाच्या भीतीचे नाव झाला. मराठीत त्याच ‘प्रमेहा’चा ‘परमा’ झाला आणि त्याचा अर्थ राहिला पूयस्रावी गुप्तरोग, म्हणजे गनोरिया. आणि त्याच कुळातला ‘मधुमेह’ आज घरोघरी आहे. तिघांचे मूळ एक, पण उपचार तीन. वृद्ध रुग्णाने “तरुणपणी परमा झाला होता” म्हटले तर ते मधुमेहाच्या रकान्यात लिहू नये.

‘गरमी’ हाही असाच फसवा शब्द. जुन्या मराठीत आणि हिंदीत ‘गरमी’ म्हणजे उपदंश, सिफिलिस. आजच्या तरुणाच्या तोंडी तिचा अर्थ केवळ उष्णता. लघवीची जळजळ असेल तर मराठी माणूस ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. इंदूरच्या उन्हाळ्यात ती पाणी कमी प्यायल्याने लागते, जंतुसंसर्गाने लागते आणि लैंगिक संसर्गानेही लागते. सब्जाचे पाणी सुचविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : लघवीच्या जागेतून पू येतो का? गेल्या काही आठवड्यांत कोणाशी शरीरसंबंध आला होता का?

धातेची तक्रार घेऊन आलेल्या तरुणाला “तुला काहीही झालेलं नाही, जा” असे हसून सांगणे ही आपली नेहमीची चूक. त्याला काही तरी झालेले असतेच : त्याची झोप उडालेली असते, पुष्कळदा उदासीनता असते, लग्न ठरलेले असते आणि भय असते. आपण हसलो की तो रस्त्याकडेच्या तंबूत किंवा भिंतीवरच्या जाहिरातीतल्या पत्त्यावर जातो आणि महिन्याचा पगार तेथे ठेवून येतो. त्याऐवजी आधी लघवी व साखर तपासावी. मग शांतपणे सांगावे की, वीर्य रक्तातून गाळून निघत नाही, ते शरीरातील ठरावीक ग्रंथी सतत तयार करीत असतात, साठा झाला की ते बाहेर पडते, आणि लघवी गढूळ होण्याची इतर साधी कारणे असतात. उदासीनता असेल तर तिचाही उपचार करावा. त्याचा ‘धात’ हा शब्द खोडू नये, त्याच शब्दाला धरून समजवावे.

‘ताकद राहिली नाही’ असे पन्नाशीचा गृहस्थ सांगतो, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिशेने विचार करावा. लिंगाची ताठरता कमी होणे ही अनेकदा मधुमेहाची, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची काही वर्षे आधी वाजलेली घंटा असते. “आता वयच झालं” असे म्हणून आपण ती घंटा बंद करतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही असे होते. कित्येक गृहस्थ या कारणाने गोळ्या परस्पर बंद करतात आणि आपल्याला सांगत नाहीत, कारण आपण विचारलेले नसते.

इंदुरी मराठी आणि भाषेची अदलाबदल

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसे. आपल्या घरात मराठी, रस्त्यावर माळवी-हिंदी आणि दवाखान्यात इंग्रजी. लाजेच्या विषयात रुग्ण या तीन भाषांत ये-जा करतो, आणि ती ये-जा लक्षपूर्वक ऐकण्यासारखी असते. माझ्याशी सर्व काही मराठीत बोलणारी सून मध्येच म्हणते, “डॉक्टरकाका, वो सफेद पानी की थोडी प्रॉब्लेम आहे.” आईकडून शिकलेल्या भाषेत जे उच्चारताना जीभ अडखळते, ते परक्या भाषेत सहज निघते. अशा वेळी तिची भाषा सुधारू नये. तिने निवडलेल्या भाषेतच पुढचा प्रश्न विचारावा.

अर्थाचे अपघातही होतात. मराठीत ‘दिवस जातात’ आणि हिंदीत ‘दिन चढ़ते हैं’. गोष्ट एकच, गर्भ राहणे. परंतु “दिवस गेलेत” हे ऐकून हिंदी भाषक निवासी डॉक्टर गोंधळलेला मी पाहिला आहे. ‘सफाई’ हा शब्द त्याहून धोक्याचा. गर्भपात, अपूर्ण गर्भपातानंतरचे क्युरेटिंग, जास्त रक्तस्रावासाठी केलेली तपासणी, या सर्वांना आपल्याकडे ‘सफाई’ म्हणतात. “कशासाठी केली होती? त्या वेळी दिवस गेले होते का?” हे विचारल्यावाचून तो शब्द केसपेपरवर लिहू नये.

सर्वांत मोठा घोटाळा ‘ती गोळी’ या दोन शब्दांत आहे. “मी ती गोळी घेतली होती,” असे सांगणाऱ्या स्त्रीने पुढीलपैकी कोणतीही गोळी घेतलेली असू शकते :

१. रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी, उदाहरणार्थ ‘माला-डी’.

२. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची ‘सहेली’ किंवा सरकारी ‘छाया’.

३. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी.

४. गर्भपाताच्या गोळ्यांचे ‘किट’, जे अनेकदा डॉक्टरला न दाखविता घेतलेले असते.

५. महालक्ष्म्या, सत्यनारायण किंवा घरच्या लग्नासाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी.

या पाचांचे काम, धोके आणि पुढचे उपचार अगदी वेगळे आहेत. चौथी गोळी घेतलेल्या स्त्रीचा रक्तस्राव आपण पाचवीचा समजलो तर तिच्या जिवावर बेतू शकते. पाचवी गोळी आपल्या घरांत सर्रास मागितली जाते, “गौरी बसायच्या आहेत, द्या ना लवकर.” ती देण्यापूर्वी दिवस गेलेले नाहीत ना, आणि पूर्वी पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा त्रास झाला होता का, हे विचारणे आवश्यक आहे. गौरींना घरच्या लेकीची प्रकृतीही प्रिय असणार.

शब्द उच्चारण्यातली भीड मोडता येते, हेही अनुभवाने सिद्ध आहे. १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला आणि ते नाव सर्वसामान्य नाम बनले. पुढे लोक तेही उच्चारायला लाजू लागले. २००६ मध्ये उत्तर भारतात ‘कंडोम बिंदास बोल’ ही मोहीम निघाली. तिचा भर वस्तूपेक्षा शब्दावर होता. दुकानदाराने आणि गिऱ्हाइकाने तो शब्द मोठ्याने उच्चारावा, एवढेच तिचे मागणे होते. जो शब्द उच्चारता येत नाही, ती वस्तू मागता येत नाही.

डॉक्टरांची भाषा

आता आपल्याकडे वळू. “तसलं काही करतोस का?”, “वाईट सवय आहे का?”, “चुकीचं काही झालं नाही ना?” हे प्रश्न आपण विचारतो. प्रत्येकात निकाल आधीच लागलेला आहे. ‘वाईट सवय’ असे म्हटल्यावर कोण हो म्हणेल? ‘लग्न झालं आहे का’ या प्रश्नाचा निरुपयोग मी पहिल्याच वर्षी शिकलो. कायदाही तेच सांगतो. २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या बाबतीत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असे स्पष्ट केले. २०१८ मध्ये प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. तेव्हा समोरचा जोडीदार स्त्री आहे की पुरुष, हेही गृहीत धरू नये.

माझ्याकडे येणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी काही गोष्टी सांगतो. त्या येथे नोंदवितो :

१. रुग्णाला थोडा वेळ तरी एकटे भेटावे. “तपासणीसाठी दोन मिनिटं बाहेर बसता का?” हे सासूबाईंना, आईला, नवऱ्यालाही म्हणता येते. तपासताना मात्र स्त्री-सहायक हजर असावी.

२. प्रश्नाआधी एक वाक्य बोलावे : “पोटात दुखणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे विचारतो, म्हणून तुम्हालाही विचारतो.” त्यामुळे संशयाचा डंख निघून जातो.

३. मग सरळ विचारावे : “कोणाशी शरीरसंबंध आला आहे का?” ‘शरीरसंबंध’ हा शब्द मला उपयोगी वाटतो, कारण तो शिवीही नाही आणि पोथीतलाही नाही.

४. रुग्णाचा शब्द केसपेपरवर अवतरणचिन्हांत लिहावा आणि शेजारी आपण लावलेला अर्थ लिहावा. दुसऱ्या डॉक्टरला दोन्ही दिसावेत.

५. हसू नये, उपदेश करू नये, भुवयाही उंचावू नयेत.

६. गुप्ततेचे वचन खरे असावे. आपल्या समाजात डॉक्टर गणेशोत्सवातही भेटतो आणि मुंजीतही. मात्र रुग्ण अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळविण्याची जबाबदारी येते, म्हणून “कोणालाच सांगणार नाही” असे सरसकट वचन अल्पवयीन मुलाला देऊ नये. “तुला विचारल्याशिवाय आणि कायद्यापलीकडे कोणाला सांगणार नाही,” असे म्हणावे.

शेवटी

अलीकडे हे सारे शब्द रुग्ण डॉक्टरच्या आधी मोबाईलला विचारतात. माहिती तेथे मिळतेही, पण “बेटी” म्हणून डोक्यावरून हात फिरविणारे तेथे कोणी नसते.

वाचकहो, आपल्यापैकी जे डॉक्टर नाहीत त्यांनाही एक विनंती. संक्रांतीच्या हळदीकुंकवात, महिला मंडळात, मुलांच्या शिबिरात या विषयाला वर्षातून एक तास द्यावा. घरातल्या मुला-मुलींना शरीराच्या अवयवांची नावे हात-पाय-डोळे यांच्या बरोबरीने शिकवावीत. ज्या मुलाला नाव माहीत आहे, त्याला कोणी चुकीचा स्पर्श केला तर तो सांगू शकतो. ज्या आजीला नाव माहीत आहे, तिला सहा वर्षे कापड बांधून राहावे लागत नाही.

त्या आयाबाई पुढे काही वर्षांनी निवृत्त झाल्या. त्यांना मी एकदा विचारले होते, “तुम्हाला कसं कळलं?” त्या म्हणाल्या, “कळलं कुठं, डॉक्टरसाहेब? मी फक्त विचारलं.” अडतीस वर्षे झाली. तपासणीच्या खोलीत एखादी मुलगी मान खाली घालून बसली की मला ते वाक्य आठवते, आणि मी दार लोटून घेऊन, खुर्ची थोडी जवळ ओढून, विचारतो.